घरी बनवलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरचं सर्किट कसं ओळखायचं

लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट आणून घरीच जोडलेले ॲम्प्लिफायर मुंबईत अजून बरेच शिल्लक आहेत, गिरगाव लालबाग परळकडच्या जुन्या घरांच्या पोटमाळ्यावर नाहीतर गणपती मंडळाच्या कपाटात अशी एखादी पत्र्याची पेटी सापडते, पुढे व्हॉल्यूम बास ट्रेबलचे नॉब, मागे स्पीकरची टर्मिनल आणि आत कुणीतरी हौसेने केलेलं काम. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही, डायग्राम तर नाहीच, आणि ज्याने बनवलं तो बऱ्याचदा सांगायला नसतो. मग रिपेअरला नेलं की आतलं सगळं काढून त्यात रेडीमेड आयसीचा बोर्ड बसवतात. मला हे बघवत नाही. ते सर्किट कुठल्या प्रकारचं आहे हे नीट ओळखता येतं, त्याला मोठी साधनंही लागत नाहीत, एक मल्टिमीटर, कागद पेन्सिल आणि मोबाईलचा कॅमेरा एवढं पुरतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळलं पाहिजे.

सुरुवात इनपुटकडून करू नका. बहुतेक लोक तिथूनच करतात, आरसीए सॉकेटची वायर धरतात, मग व्हॉल्यूम पॉट, मग टोन कंट्रोलचे ते पंधरा वीस रेझिस्टर कपॅसिटर, आणि तिथेच दमतात. स्पीकरच्या टर्मिनलपासून उलटं मागे या. पॉवर ॲम्प्लिफायरचा प्रकार ठरतो तो शेवटच्या मोठ्या ट्रान्झिस्टरच्या जोडणीवरून आणि पॉवर सप्लायवरून, आणि हे पार्ट मोठे, उघडे आणि मीटरची टोकं सहज लागतील असे असतात. सप्लाय एक का दोन (म्हणजे फक्त प्लस आणि ग्राउंड, का प्लस, ग्राउंड आणि मायनस), स्पीकरच्या वाटेत मोठा कपॅसिटर आहे का, आणि आउटपुट ट्रान्झिस्टरची बॉडी कुठे जोडलीये, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की सर्किटचं घराणं कळतं. बाकीचं ट्रेसिंग त्यानंतर.

त्याआधी सेफ्टी, आणि हे वाचून पुढे सरकू नका. प्लग काढलेला असला तरी मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. ट्रान्झिस्टर सेटमधे शंभर ओहम पाच वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड वायरना जोडून कपॅसिटरच्या टोकांना काही सेकंद लावा, मग मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आलंय का बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची नाही, त्याने कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यालाही धोका आहे. वाल्व सेट (जुन्या काचेच्या नळ्यांचा) असेल तर आत अडीचशे तीनशे व्होल्ट डीसी असतात, तिथे दहा किलोओहम पाच वॅट वापरा आणि जास्त वेळ धरा. दुसरं म्हणजे जुन्या पेट्यांना टू पिन प्लग असतो, अर्थिंग नसतं, आणि मेनपासून चेसिसला (पत्र्याच्या सांगाड्याला) एखादा जुना कपॅसिटर लावलेला असतो जो आता लीक करत असेल. म्हणून स्विच ऑन ठेवून, पण प्लग बाहेर असताना, प्लगच्या प्रत्येक पिनपासून चेसिसपर्यंत ओहम मोजा, काहीही कमी रीडिंग आलं तर ते कारण सापडेपर्यंत लाईट द्यायची नाही. मेन ट्रान्सफॉर्मर मुळात नसेल आणि चेसिस थेट मेनला असेल, काही जुन्या वाल्व सेटमधे असायचं, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय ते काम हातात घेऊ नका.

झाकण उघडलं की आधी फोटो. काहीही पुसायच्या, हलवायच्या आधी. वरून, खालून, चारही बाजूंनी, प्रत्येक वायरचा रंग आणि ती कुठे जाते हे दिसेल असे. मुंबईच्या दमट हवेत कॉपर ट्रॅक हिरवे पडलेले असतात, फ्लक्सवर बुरशीसारखा पांढरा थर असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने निघतो, पण ट्रान्झिस्टरवर छापलेले नंबर त्याच ब्रशने निघून जातात, म्हणून नंबर आधी वाचून लिहून ठेवा. पुसट नंबर टॉर्च अगदी तिरका धरला की दिसतो.

आता नुसतं बघून काय काय कळतं ते बघू. आत काचेचे वाल्व असतील तर काम सोपं, वाल्वचा नंबर म्हणजे अर्धं उत्तर. युरोपियन नंबरमधलं पहिलं अक्षर हीटर (वाल्व आतून तापवणारी तार) सांगतं, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपियरची सिरीज, यू म्हणजे १०० मिलिअँपियरची सिरीज, त्यामुळे यूसीएल८२ सारखे वाल्व दिसले की चेसिस मेनवर असण्याची दाट शक्यता, सावध व्हा. एक ईएल८४ आणि एक छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असेल तर सिंगल एंडेड क्लास ए (एकच आउटपुट वाल्व, त्यातून करंट कायम वाहतो), चार पाच वॅट. दोन ईएल८४ किंवा दोन ६व्ही६ आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला तीन वायर असतील तर पुश पुल (दोघे आळीपाळीने काम करतात), मग त्याच्या मागे सिग्नलच्या एकमेकांच्या उलट दोन प्रती काढणारा फेज स्प्लिटर असणार, तो बहुतेक ईसीसी८३ असतो. ईसीएल८२ मधे ट्रायोड आणि पेंटोड एकाच काचेत असतात, त्यामुळे दोन ईसीएल८२ मधे पूर्ण पुश पुल ॲम्प्लिफायर बसतो. वाल्ववर एवढंच, कारण घरगुती पेट्यांमधे जास्त करून ट्रान्झिस्टरच सापडतात आणि खरी गुंतागुंतही तिथेच आहे.

आयसीचंही लवकर आटपतं. दोन बाजूंना रुंद पत्र्याचे पंख असलेली आयसी म्हणजे बहुतेक टीबीए८१०, सात वॅटच्या आसपास. पाच पायांची, टॅबला भोक असलेली म्हणजे टीडीए२०३० किंवा तिच्या घरातली, त्यात पाय एक दोन इनपुट, तीन निगेटिव्ह, चार आउटपुट, पाच पॉझिटिव्ह. लांब चपटी, एका ओळीत पुष्कळ पाय आणि वर एसटीके लिहिलेलं म्हणजे सानयोचं हायब्रिड मॉड्यूल. आयसीचा नंबर घेऊन डेटाशीट बघा, घरी बनवणाऱ्यांनी जवळजवळ नेहमी डेटाशीटमधलंच ॲप्लिकेशन सर्किट जसंच्या तसं उचललेलं असतं.

सुट्या ट्रान्झिस्टरचं सर्किट असेल तर पॉवर सप्लायपासून सुरू करा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या वायर मोजा. दोनच वायर आणि ब्रिज (चार डायोडची जोडणी) असेल तर सिंगल सप्लाय. तीन वायर म्हणजे सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मधोमध काढलेली वायर), आणि इथे पुष्कळ जण फसतात, सेंटर टॅप दिसला की ड्युअल सप्लाय असं धरून चालतात. तसं नसतं. सेंटर टॅप ग्राउंडला आणि दोनच डायोड, दोघांची तोंडं एकाच बाजूला, तर तो सिंगल सप्लायच आहे, बारा झिरो बाराचा ट्रान्सफॉर्मर असेल तर सोळा व्होल्टच्या आसपास. सेंटर टॅप ग्राउंडला, चार डायोड, आणि दोन मोठे कपॅसिटर ज्यातल्या एकाचं प्लस ग्राउंडला जोडलंय, तर तो खरा ड्युअल सप्लाय, चोवीस झिरो चोवीसला लोड नसताना प्लस मायनस तेहेतीस चौतीस व्होल्ट. दुसरा मोठा कपॅसिटर उलटा बसलेला दिसतोय का हे बघणं डायोड मोजण्यापेक्षाही सोपं आहे.

अजून एक, जर्मेनियमच्या जमान्यातल्या सेटमधे बऱ्याचदा पॉझिटिव्ह ग्राउंड असतो. एडी१४९ सारखे पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर (ट्रान्झिस्टरच्या एनपीएन आणि पीएनपी अशा दोन उलट जाती असतात), चेसिसला प्लस, आणि सप्लाय मायनस. मेन कपॅसिटरचं प्लस टोक चेसिसला दिसलं आणि दुसरा कपॅसिटर नसला की हेच समजा. अशा सेटमधे नंतर कुणी चुकून कपॅसिटर उलटा बसवलेला असतो, तो पहिल्यांदा तपासा.

मग स्पीकरचं टर्मिनल. त्याच्या लाल टोकापासून वायर धरून आत या. हजार, बावीसशे नाहीतर सत्तेचाळीसशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाटेत लागला तर सिंगल सप्लायचं सर्किट पक्कं, त्या कपॅसिटरच्या आतल्या टोकाला सप्लायच्या अर्धे व्होल्ट असणार. बावीसशे मायक्रोफॅरड आणि आठ ओहम असेल तर खालची हद्द नऊ हर्ट्झच्या आसपास येते, हजार मायक्रोफॅरड आणि चार ओहम असेल तर चाळीस हर्ट्झ, यावरून बनवणाऱ्याने बासचा किती विचार केला होता हेही कळतं. कपॅसिटर नाही आणि सप्लाय ड्युअल आहे तर डायरेक्ट कपल्ड, त्या वाटेत कधी कधी जाड वायरची दहा पंधरा वेढ्यांची कॉइल रेझिस्टरवर गुंडाळलेली असते. दोन्ही प्रकारांत आउटपुटपासून ग्राउंडला दहा ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमधे सापडेल, त्याला झोबेल म्हणतात, तो हाय फ्रिक्वेन्सीला स्टेबल ठेवतो. कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं असतं.

आणि स्पीकरची वायर लोखंडी पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरला गेली तर मंडपवाल्या पीए सेटच्या धर्तीचं सर्किट आहे. मागच्या टर्मिनलवर ४, ८, १६ ओहम किंवा ७० आणि १०० व्होल्ट लिहिलेलं असेल. यात (ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर, एमिटर) दोन आउटपुट ट्रान्झिस्टरचे कलेक्टर ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना, मधला टॅप सप्लायला, दोघांचे एमिटर छोट्या रेझिस्टरमधून ग्राउंडला. त्यांच्या मागे अजून एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो आउटपुट ट्रान्झिस्टरना सिग्नल पुरवणारा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर. याचाच एक भाऊ असतो ज्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही पण ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर आहे, त्याला दोन वेगळ्या सेकंडरी, दोन ट्रान्झिस्टर एकावर एक आणि शेवटी कपॅसिटर.

आता सगळ्यात कामाचा भाग, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. २एन३०५५ सारखा टीओ३ ट्रान्झिस्टर म्हणजे तो शंकरपाळ्याच्या आकाराचा धातूचा, त्याची बॉडी म्हणजेच कलेक्टर. त्यामुळे खाली पाय न बघता, काही न काढता, मीटर बीपवर ठेवून नुसत्या बॉडीवरून अर्धं सर्किट वाचता येतं. वरचा स्क्रू बॉडीला लागलेला असतो, पण टोक थेट बॉडीलाच लावा, कारण ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधला मायका वॉशर (इन्सुलेटर) नीट नसेल तर स्क्रू भलतीकडे शॉर्ट असतो.

एका ट्रान्झिस्टरची बॉडी प्लस सप्लायला बीप करते आणि दुसऱ्याची बॉडी आउटपुटला, म्हणजे स्पीकर कपॅसिटरच्या आतल्या टोकाला, तर दोन्ही एनपीएन आहेत आणि सर्किट बहुतेक क्वासी कॉम्प्लिमेंटरी आहे. घरगुती पेट्यांमधे हाच प्रकार सगळ्यात जास्त भेटतो आणि त्याला कारण आहे. चांगला पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर महाग आणि मिळायला अवघड होता, २एन३०५५ मात्र कुठेही मिळायचा, म्हणून आउटपुटला दोन्ही एनपीएन आणि फक्त ड्रायव्हरला एक एनपीएन एक पीएनपी ही युक्ती चालली. ही युक्ती आरसीए या अमेरिकन कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी १९५६ साली मांडली होती. आपल्याकडे ड्रायव्हरला एसएल१०० आणि एसके१०० ही जोडी ठरलेली, छोटा गोल धातूचा डबा, कडेला एक टॅब, टॅबजवळचा पाय एमिटर. वरचा एसएल१०० आणि वरचा ३०५५ मिळून डार्लिंग्टन (एकाने वाढवलेला करंट दुसरा आणखी वाढवतो), खालचा एसके१०० आणि खालचा ३०५५ मिळून जणू एक मोठा पीएनपी. एसके१०० च्या एमिटरला एक डायोड दिसला तर बनवणाऱ्याने किंवा ज्या मासिकातून सर्किट घेतलं त्याने वरची खालची बाजू सारखी वागावी म्हणून खास काळजी घेतलीये असं समजा, ते चांगलं डिझाईन आहे.

एक बॉडी प्लसला आणि दुसरी मायनसला (सिंगल सप्लाय असेल तर ग्राउंडला) बीप करते, तर फुल कॉम्प्लिमेंटरी, एक एनपीएन एक पीएनपी, २एन३०५५ बरोबर एमजे२९५५. जर्मेनियममधे एडी१६१ आणि एडी१६२, त्याहून छोट्यात एसी१८७ आणि एसी१८८. दोन्ही बॉड्या आउटपुटलाच बीप करतात, तर कलेक्टर आउटपुटला आहेत, म्हणजे वरचा पीएनपी खालचा एनपीएन आणि दोघांच्या मागे उलट्या जातीचे ड्रायव्हर, कॉम्प्लिमेंटरी फीडबॅक पेअर. हे घरगुतीत कमी दिसतं. दोन्ही बॉड्या एकमेकांना आणि सप्लायलाही बीप करतायत तर लगेच शॉर्ट समजू नका, मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग असेल, ओहमवर ठेवून बघा.

हीटसिंककडेही लक्ष द्या. काही लोकांनी मायका न लावता ट्रान्झिस्टर थेट हीटसिंकवर बसवून अख्खा हीटसिंकच चेसिसपासून वेगळा ठेवलेला असतो, गरमी चांगली जाते, पण त्या हीटसिंकवर चाळीस व्होल्ट असतात आणि कॅबिनेटला टेकला की संपलं.

एक खास अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. बॉड्या क्वासीसारख्याच, एक प्लसला एक आउटपुटला, पण एसएल१०० एसके१०० ची जोडी नाही, मधे एकच ड्रायव्हर ज्याचा कलेक्टर वरच्याच्या बेसला आणि एमिटर खालच्याच्या बेसला, त्याच्या मागे एकच पीएनपी, म्हणजे चॅनलला चारच ट्रान्झिस्टर, आणि दहा वॅटच्या मानाने अवाढव्य हीटसिंक. हे जॉन लिन्सली हूड यांचं क्लास ए डिझाईन, एप्रिल १९६९ च्या वायरलेस वर्ल्ड या ब्रिटिश मासिकात आलेलं. आठ ओहमला सत्तावीस व्होल्टचा सप्लाय आणि सव्वा अँपियरच्या आसपास करंट गाणं नसतानाही वाहतो, त्यामुळे हीटसिंक कायम तापतो, तो फॉल्ट नाही. असं सर्किट सापडलं तर कृपा करून ते मोडू नका.

ड्रायव्हरच्या मागे आलात की आता छोटे ट्रान्झिस्टर. इथे तीन चार खुणा शोधायच्या. बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुटमधून थोडा करंट वाहता ठेवणारी जोडणी बघा, दोन ड्रायव्हरच्या बेसमधे काय आहे. दोन तीन डायोड सिरीजमधे, कधी बरोबर एक प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर), किंवा एक छोटा ट्रान्झिस्टर प्रीसेटसकट आणि तो बऱ्याचदा हीटसिंकला चिकटवलेला, जेणेकरून आउटपुट तापला की बायस आपोआप कमी व्हावा. हा पार्ट हीटसिंकपासून सुटलेला असेल तर सेट चालू करून जास्त वेळ ठेवायचा नाही, ट्रान्झिस्टर तापत तापत जळतात. मग बूटस्ट्रॅप, प्लस सप्लायपासून दोन रेझिस्टर सिरीजमधे आणि त्यांच्या मधल्या सांध्यापासून आउटपुटला ४७ किंवा १०० मायक्रोफॅरड. जुन्या सर्किटमधे हे जवळजवळ नेहमी असतं, नव्यात त्या जागी कॉन्स्टंट करंट सोर्स म्हणून एक जास्तीचा ट्रान्झिस्टर येतो.

आणि इनपुट स्टेज. सगळ्यात पुढे एकच ट्रान्झिस्टर, आणि आउटपुटवरून येणारा फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटकडे आणणारा) रेझिस्टर त्याच्या एमिटरला येतोय, तर साठ सत्तरच्या दशकातली पद्धत. दोन सारखे ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी, दोघांचे एमिटर एकत्र, एकाच्या बेसला इनपुट आणि दुसऱ्याच्या बेसला फीडबॅक, तर डिफरन्शियल पेअर, तो बहुतेक ड्युअल सप्लायबरोबर येतो. फीडबॅक रेझिस्टर सापडला की गेन (सिग्नल किती पट मोठा होतो) काढता येतो, आउटपुटवरून येणारा रेझिस्टर भागिले त्या सांध्यावरून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर, अधिक एक. ३३ किलो आणि १ किलो असेल तर ३४. ग्राउंडला जाणाऱ्या रेझिस्टरच्या सिरीजमधे कपॅसिटर असतो, तो सुकला की गेन पडतो आणि बास जातो, जुन्या सेटमधली ही अगदी नेहमीची तक्रार.

ट्रान्झिस्टरचा नंबर गेलाच असेल तर मीटर डायोडवर ठेवा, शक्यतो एक दोन पाय सोडवून, कारण सर्किटमधे बाकीचे पार्ट रीडिंग बिघडवतात. ज्या पायावर लाल टोक ठेवून बाकी दोन्ही पायांना ०.६ च्या आसपास येतं तो बेस आणि ट्रान्झिस्टर एनपीएन. काळं टोक ठेवून येतं तर पीएनपी. ०.६ च्या जागी ०.२ ते ०.३ आलं तर जर्मेनियम. अंगावरूनही जमाना कळतो, धातूच्या टोपीतला बीसी१०७ १०८ १०९ जुना, चपट्या पायांचा प्लास्टिकचा बीसी१४७ १४८ १४९ आणि त्यांचा पीएनपी भाऊ बीसी१५७ १५८ १५९ हे मधले, आणि बीसी५४७ ५५७ त्यानंतरचे. फक्त एक गोष्ट सांभाळा, पार्टवरून सर्किटचं वय ठरवताना तो पार्ट मूळचा आहे का नंतर बदललेला ते बघा. सोल्डर चकचकीत आणि भोवती नवा फ्लक्स, ट्रॅक थोडा उचललेला, म्हणजे मधे कुणी मेकॅनिकने हात लावलाय. सगळे बीसी१४८ आणि मधेच एक बीसी५४७, तर तो बदललेला. बदलताना पायांचा क्रम वेगळा असल्यामुळे पाय पिळून बसवलेले असतात, ते डायग्राम काढताना फार गोंधळ घालतात, तिथे पिनचा नंबर लिहू नका, बेस कलेक्टर एमिटर असंच लिहा.

ट्रेसिंग करताना पीसीबी असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ट्रॅकच्या बाजूचा फोटो आरशासारखा उलटा करा आणि मोबाईलवर एकावर एक ठेवा, किंवा सरळ बोर्डच्या मागे टॉर्च धरा, जुना बोर्ड पिवळट असतो, ट्रॅक आरपार दिसतात. टॅग स्ट्रिपवर (सोल्डरिंगची टोकं असलेल्या पट्टीवर) जोडलेलं असेल तर प्रत्येक टॅगला नंबर द्या आणि प्रत्येक पार्ट कुठल्या टॅगपासून कुठल्या टॅगपर्यंत एवढंच वहीत लिहा, चित्र नंतर. चित्र काढताना प्लस वर, ग्राउंड किंवा मायनस खाली, इनपुट डावीकडे, स्पीकर उजवीकडे. बोर्डवर पार्ट जसे बसलेत तसं चित्र काढलं तर ओळखीचं सर्किटसुद्धा ओळखू येत नाही, याच पद्धतीने काढलं की तीच आकृती एकदम डोळ्यात भरते. आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर आधी काढा, मग ड्रायव्हर, मग बायस, आणि त्याच क्रमाने डावीकडे सरका. रेझिस्टरचा कलर कोड वाचा आणि मीटरनेही मोजा, जुने कार्बनचे रेझिस्टर वाढलेले असतात, डायग्राममधे कोडची किंमत लिहायची, मोजलेली शेजारी.

एक उदाहरण देतो, गिरगावातल्या एका मित्राच्या घरच्या पेटीचं. सेकंडरीला दोन वायर, तीस व्होल्ट एसी, ब्रिज, एकच मोठा कपॅसिटर, म्हणजे सिंगल सप्लाय, लोड नसताना एक्केचाळीस व्होल्ट. स्पीकरच्या वाटेत २२०० मायक्रोफॅरड. दोन २एन३०५५, एकाची बॉडी प्लसला, दुसऱ्याची आउटपुटला, मागे एसएल१०० एसके१००, म्हणजे क्वासी. मधे दोन डायोड आणि प्रीसेट. बूटस्ट्रॅप आहे. पुढे एक पीएनपी बीसी१५८, त्याच्या एमिटरला आउटपुटवरून २.७ किलो आणि तिथूनच ग्राउंडला १०० ओहम अधिक १०० मायक्रोफॅरड, म्हणजे गेन २८. पेटीवर पन्नास वॅट लिहिलं होतं. खरी ताकद काढायची तर सिंगल सप्लायला व्होल्टेजचा वर्ग भागिले स्पीकरच्या ओहमची आठपट. लोडखाली सप्लाय छत्तीसवर येतो असं धरलं तर आठ ओहमला १२९६ भागिले ६४ म्हणजे वीस वॅट, हे कागदावरचं, ट्रान्झिस्टरमधे पाच सहा व्होल्ट जातात ते वजा केले की चौदा पंधरा. ड्युअल सप्लाय असेल तर एका बाजूच्या व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. चौदा वॅट हा आकडा लहान वाटतो, पण दहा बाय बाराच्या खोलीत चांगल्या स्पीकरवर तो भरपूर आहे, आणि त्या पेटीचा आवाज खरंच गोड आहे.

डायग्राम तयार झाला की मगच लाईट, आणि तीही सिरीज बल्बमधून, म्हणजे मेनच्या एका वायरमधे बल्ब जोडून, साठ किंवा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. स्पीकर काढून ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा (लिन्सली हूडसारख्या क्लास ए सर्किटमधे मात्र तो थोडा पेटलेलाच राहणार). सिंगल सप्लायमधे आउटपुटच्या सांध्याला त्या वेळच्या सप्लायच्या अर्धे, ड्युअलमधे शून्याच्या अगदी जवळ. ड्युअलमधे तिथे काही व्होल्ट दिसले तर स्पीकर लावायचा नाही, डीसी थेट कॉइलमधे जाईल. एमिटरच्या पांढऱ्या सिमेंटच्या रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजा, ०.४७ ओहमवर दहा मिलिव्होल्ट म्हणजे एकवीस मिलिअँपियर, पण बल्ब सिरीजमधे असताना हा आकडा कमी येतो, प्रीसेट त्यावरून फिरवू नका. तुमच्या डायग्रामप्रमाणे जिथे जे व्होल्ट यायला हवेत ते येतायत का हीच डायग्राम बरोबर असल्याची परीक्षा. एखाद्या बेस एमिटरमधे ०.६ च्या जागी दोन व्होल्ट दिसले तर एकतर तो ट्रान्झिस्टर गेलाय नाहीतर तुम्ही पाय उलटे वाचलेत, आधी पाय पुन्हा बघा.

मूळ डिझाईन कुठल्या मासिकातलं आहे ते शोधायचं असेल तर ट्रान्झिस्टरच्या नंबरांवर जाऊ नका, ते प्रत्येकाने मिळेल तसे बदललेले असतात. जोडणी बघा आणि रेझिस्टरच्या किमती बघा, विशेषतः फीडबॅकची जोडी आणि बूटस्ट्रॅपचे दोन रेझिस्टर, कारण रेझिस्टर कुठलाही मिळायचा, त्यामुळे ते लोक मासिकाप्रमाणेच टाकायचे. शेवटी जो डायग्राम निघेल त्यात न कळलेल्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, मोजलेले व्होल्ट आणि तारीख लिहा, आणि त्याची एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकपासून लांब.